सुभेदारांचा बिनफण्याचा साप

परवा एक बाई लग्नाच्या वयाच्या लेकीला घेऊन माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, सुभेदारांच्या जीपमधला नाग तुमच्याच हातचा ना, मग तसाच आमच्या घराच्या भिंतीवर काढून द्या. मी सरळ नाही म्हणालो. आता, फ्लेक्सच्या मशिनी आल्यापासून केजमध्ये ब्रशनं बोर्ड रंगवणारा मी एकटाच उरलोय आणि तोही निम्मा दिवस माशा मारतो. आलेलं काम परत धाडलं म्हणून घरात दिवसभर भांडी आपटत होती. पण भिंतीवर नाग मी काढत नाही. किसन सुभेदारांना जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचा हुकूम माझ्या मानेवरून उतरलेला नाही.

सुभेदार फौजेत होते, पण लढणाऱ्या पलटणीत नव्हे. लढणाऱ्यांना उचलून आणणाऱ्या, मैदानी दवाखान्याच्या पलटणीत. तिचा नंबर त्यांनी मला कधी सांगितला नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, ते सांगायचं नसतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती. केजमधल्या रशीद पेंटरला नंबर कळला असता तर सरहद्दीवर काय कोसळणार होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

माणूस उंच, वाळका आणि पायाला भिंगरी लावलेला. मी त्यांना खुर्चीत बसलेलं पाहिलंच नाही. चहा उभ्यानं. लग्नात पंगतीला बसायचं म्हटलं की यांना वाढायचं काम सुचायचं आणि मग वाढता वाढता उभ्यानंच दोन घास. दुकानात आले की या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या, माझे डबे उचलून बघ, ब्रश सरळ करून ठेव. माझं डोकं उठायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, सुभेदार, घडीभर बुड टेका की. तर म्हणाले, "बसलेल्या माणसाला आधी माशा सापडतात, मग आजार." त्यांच्या बायकोचं, गयाभाभींचं, म्हणणं होतं की लग्नात सप्तपदी झाली तेव्हापासून हा माणूस चालतोच आहे.

त्यांचं गाव केजजवळच, डांबरी रस्त्यावर. रस्त्याला लागून त्यांची एक खोली होती. तिथं त्यांनी मलमपट्टीचं सामान मांडलं होतं. कोयता लागलेला, बैलानं ढुशी मारलेला, मोटारसायकलवरून पडलेला, कोणीही यावं. सुभेदार पट्टी बांधायचे आणि गरज असली तर स्वतःच्या जुन्या जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात पोचवायचे. डॉक्टरकी करायचे नाहीत. आपलं काम पोचवायचं, असं ते दहादा सांगायचे. त्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांना आपल्या पलटणीचं चिन्ह हवं होतं, लांबून एसटीतल्या माणसालाही दिसेल एवढं मोठं. त्यासाठी ते माझ्याकडे आले.

रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला त्यांनी उलगडला, पण माझ्या हातात दिला नाही. स्वतः धरून दाखवला. मध्ये उभी काठी, तिला वेढे घालून वर चढलेला एक साप, भोवती पानांची माळ. मी म्हटलं, चला, सोपं काम आहे. ते माझं शेवटचं सुखाचं वाक्य.

कारण त्या चिन्हातल्या एकेका रेघेचा अर्थ त्यांना पाठ होता आणि तो ऐकवल्याशिवाय ते पुढची रेघ काढू देत नव्हते. काठी का? तर जखमी माणूस उठला की आधी टेकायला काहीतरी मागतो. साप का? तर तो कात टाकून नवा होतो, तसा खाटेवरचा माणूस उठून बसावा. सापाचं तोंड काठीकडे नाही, बाहेर, येणाऱ्याकडे. पानांची माळ वरून उघडी ठेवायची, मिटवायची नाही, कारण आपलं काम संपलं असं कधी म्हणायचं नसतं. हा शेवटचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला असावा असा मला दाट संशय आहे, पण बोलायची सोय नव्हती. मागचा रंग तांबडा सांगितला म्हणून मी तांबडा लावला, तर ते भिंतीसमोर येरझाऱ्या घालायला लागले. असा नको. सुकलेल्या रक्तासारखा हवा. ताजं रक्त दाखवलं की जखमी भितो. मी तांबड्यात काळा घातला, तपकिरी घातला, चमचाभर निळा घातला. उन्हात वाळवायचा, बघायचा, पुन्हा खरवडायचा. तौबा! लग्नाच्या मांडवातसुद्धा नवऱ्याकडचे इतकी खोड काढत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी अट सापाची. त्याला फणा नको. बिल्ल्यातल्या सापाला नव्हताच. मी म्हटलं, सुभेदार, बिनफण्याचा साप आपल्याकडे कोण ओळखणार? नागपंचमीला घरोघरी भिंतीवर जे नाग मी काढत आलो त्यांना भला थोरला फणा, त्यावर दहाचा आकडा. त्यावर ते पहिल्यांदाच फेऱ्या थांबवून माझ्यासमोर उभे राहिले.

"फणा काढलेला नाग चावायच्या तयारीत असतो, रशीदभाई. आमचा चावणारा न्हाई. आमचा बरं करणारा हाय."

मी बिनफण्याचा काढला. खरं सांगतो, झकास उतरला होता. सुभेदार त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचे, पुन्हा अलीकडे यायचे, जीप घेऊन लांब जायचे आणि येताना बघत यायचे. एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

पण गाव ते गाव. पारावरच्या मंडळींना रोज नवं खाद्य लागतं. कोणी विचारायचं, सुभेदार, हे काठीला चऱ्हाट कावून गुंडाळलंय? कोणी म्हणायचं, मळ्यात गांडूळखताचा प्रकल्प टाकला काय? एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, म्हंजी तुमी गांडुळाच्या पलटणीत होता व्हय? लोक लई हसले. सुभेदारांना गोळ्यांच्या आवाजाची भीती नव्हती, पण पलटणीवर कोणी हसलेलं त्यांना सोसेना. चार दिवस तळमळले आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे हजर. माझ्याकडे न बघता म्हणाले, दे फणा. मी म्हटलं, अन् ते चावायचं-बरं करायचं? तर ओरडले, दे म्हटलं ना. मी दिला. पिवळाजर्द, रुंद, एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबावा असा. पारावरची तोंडं बंद झाली.

मग श्रावण आला. नागपंचमीला सकाळी सुभेदार दार उघडून बाहेर येतात तर भिंतीसमोर बायांची रांग. हळद-कुंकू, दूध, लाह्या, आघाड्याची पानं. सुभेदार रांगेतून वर-खाली पळत सांगतायत, अगं बायांनो, हा देव न्हाई, ही पलटण हाय! एक म्हातारी म्हणाली, असू द्या दादा, पलटणीचा तर पलटणीचा, नाग तर हाय ना. रांगेत पुढे गयाभाभीच होत्या, ओटी घेऊन. हा प्रसंग भाभी मला हसून हसून सांगत होत्या आणि मीही हसलो. आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही की हे काय होऊन बसलंय.

आमच्या भागात सापाच्या चावण्याची एक रीत आहे. जुने लोक चावलेल्या माणसाला आधी मारुतीच्या देवळात नेतात, तोंडात कडुलिंबाचा पाला देतात आणि कडू लागला तर विष चढलं नाही म्हणून निवांत बसतात. सुभेदारांचा सगळा जीव या रीतीवर जळायचा. बांधू नका, कापू नका, चालवू नका, थेट दवाखान्यात आणा, तिथं लस आहे, हे ते बाजारात, शाळेत, लग्नाच्या मांडवात सांगत फिरायचे. आणि लोकांनी ऐकलंही. देवळात जायचं कमी झालं.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. भिंतीचा रंग कुठं कुठं उडाला होता, तो भरायला सुभेदार मला जीपमधून घेऊन चालले होते. वाटभर माळेतलं एक पान वाकडं असल्याची तक्रार चालली होती. गावाजवळ आलो तर भिंतीसमोर माणसं. सुमन नावाची एक बाई, सोयाबीन खुरपताना नाग चावलेली, भिंतीला टेकवून बसवली होती. कपाळाला हळद. तिचा नवरा तिचा हात धरून वर नेत होता, फण्याला लावत होता, पुन्हा खाली घेत होता. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि जीभ जड झाली होती. किती वेळ बसलेत, असं सुभेदारांनी विचारलं. कोणी नीट सांगेना. केजला जाणारी एक टमटम समोरून रिकामी गेलेली त्या माणसांनी पाहिली होती, पण तिला हात केला नव्हता.

आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं. सुभेदारांनी गाडी अशी हाणली की माझे रंगाचे डबे सगळे आडवे झाले. दवाखान्याच्या अलीकडेच, बाजाराच्या वळणावर, तिचा श्वास थांबला. सुभेदारांनी डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत प्रयत्न सोडला नाही, पण ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं. बाहेर आल्यावर ते तिच्या नवऱ्यावर तुटून पडले. देवळात नेऊ नका म्हणून ओरडून ओरडून माझा घसा फाटला, तरी कावून बसवलं, म्हणाले. नवरा रडतसुद्धा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की हा माणूस कशावर चिडला आहे.

"देवळात कुठं नेलं, सुभेदार? तुमच्याच नागापाशी आणलं की."

सुभेदार दवाखान्याच्या आवारात चकरा मारत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चिन्ह पुसायला सांगितलं. मी हात जोडले. पुसायचं तर पुसा, पण माझ्या हातानं नको. गावच्या पूजेत आलेला नाग रशीदनं पुसला, असं उद्या कोणी म्हणालं तर मी राहायचं कुठं? त्यांनी वाद घातला नाही. भर दुपारी स्वतः चुना कालवला आणि कुंच्यानं भिंत पांढरी केली. बाया भांडायला आल्या. गयाभाभी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आता, हे त्यांनी मला विचारून केलं असतं तर मी सांगितलं असतं की ऑइल पेंटवर चुना धरत नाही. पाऊस आला की पोपडे सुटतात. तसंच झालं. आधी सुटला तो फण्यावरचा. पांढऱ्या भिंतीतून पिवळा फणा डोकं काढून बाहेर! मग काय विचारता. नाग वर आला, जागृत आहे, सुभेदारांनी गाडला तरी आला, अशी बातमी चार गावांत गेली. माजलगावकडून लोक दर्शनाला यायला लागले. सुभेदार सकाळी चुना मारायचे आणि दोन सरी झाल्या की फणा पुन्हा हजर. ते खोलीतून हलेनात. ज्या माणसाला घरात बसणं म्हणजे कैद, तो त्या भिंतीसमोर पहारा देत होता, की चावलेलं कोणी आलं तर एक क्षण टेकू द्यायचं नाही, आधी गाडीत. रात्रीची झोप गेली. दाढी वाढली. जीप सतत चालूच ठेवायचे म्हणून डिझेलचा वास त्यांच्या अंगाला चिकटला होता. भाभी मला म्हणाल्या, रशीदभाऊ, हा माणूस आता या भिंतीपायी जाईल, काहीतरी करा. मी काय करणार? मला रंग लावता येतो, लोकांची डोकी पुसता येत नाहीत.

मग एके दिवशी सकाळी सुभेदार जीप घेऊन दुकानासमोर. दाढी केलेली, डोळे चमकत होते. मला म्हणाले, भिंतीचं प्लास्टर सगळं तोडून टाकलं. लोक ओरडायला लागले तेव्हा सांगितलं, नाग आता गाडीत राहायला गेलाय. ज्याला टेकायचं त्यानं गाडीत यावं. मी जीपच्या बाजूला ब्रश घेऊन गेलो तर माझा दंड धरून मागे नेलं. मागचं दार उघडून आतली बाजू दाखवली. इथं काढायचं. दार लावून आत बसल्याशिवाय दिसलं नाही पाहिजे. आणि दार लागलं की गाडी निघालेली असेल.

मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. ज्याला आपल्या पलटणीचं चिन्ह एसटीतून जाणाऱ्यालासुद्धा दिसायला हवं होतं, तो ते दाराच्या आतून, अंधारात काढायला सांगत होता. अंग दुमडून मी जीपमध्ये शिरलो. काठी काढली, माळ काढली, वरून उघडी ठेवली, तो सुकल्या रक्ताचा रंग पहिल्याच फटक्यात जमला. साप काढला तो बिनफण्याचा, मूळ बिल्ल्यासारखा. म्हटलं, एवढं सगळं झाल्यावर आता तरी यांच्या मनासारखा होऊ दे. ते बाहेर फेऱ्या घालत होते. आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाले, फणा दे.

मी म्हटलं, सुभेदार, मग हे पलटणीचं चिन्ह राहत नाही.

"न्हाई राहिलं तर न्हाई राहिलं. पलटणीचं काम तर होईल."

आणि झालं. लोक फोन करायला लागले. सुभेदार, नागाची गाडी आणा. गाडी शेताच्या बांधापर्यंत जायची, चावलेला माणूस आत, दार बंद, त्याचा हात फण्यावर आणि चाकं दवाखान्याकडे. वाटेत कोणी कडुलिंब खाऊ दे, कोणी मंत्र म्हणू दे, सुभेदारांची हरकत नव्हती. काहीजण पोचले तरी वाचले नाहीत, पण पुष्कळ वाचले. श्रेय सगळं नागाला. पारावर कोणी म्हणायचं, लई कडक देव हाय. सुभेदार उभ्या उभ्या चहा प्यायचे आणि मान हलवायचे.

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता ते शेवटचे माझ्याकडे आले. दार पुन्हा रंगवायचं होतं. मी म्हटलं, दार काढून ठेवून जा, दोन दिवसांत करतो. म्हणाले, दार काढलं की गाडी उभी राहील. तर मी पुन्हा अंग दुमडून आत. आणि बघतो तर काय, हात लावून लावून लोकांनी फणा पार पुसून टाकला होता. खालचा तांबडा दिसत होता. बाकी सगळं जागच्या जागी. काठी, माळ, वेढे, आणि वर सापाचं साधं, निमुळतं तोंड उरलं होतं, कारण ते मी आधी काढलं होतं आणि फणा मागाहून चढवला होता.

मी सुभेदारांना हाक मारली. ते वाकून आत आले. रुमालातून बिल्ला काढला, दाराला लावून धरला. जसाच्या तसा. त्यांनी अंगठा त्या तोंडावरून फिरवला आणि जीपच्या मागच्या बाकावर बसले. गाडी चालवताना सोडलं, तर मी त्यांना बसलेलं तेव्हाच एकदा पाहिलं. मी नुसता ब्रश धरून थांबलो. मला मनापासून वाटत होतं की ते म्हणतील, राहू दे.

"पेर तोंडावर आली, रशीदभाई," म्हणाले. "काढ फणा."

मी काढला. रंग ओला होता तोच त्यांचा फोन वाजला. कुठल्या तरी वाडीवर, गोठ्यात, एका पोरीला चावलं होतं. मी म्हटलं, वाळू द्या. ते म्हणाले, वाटेत वाळेल. मला जवळजवळ ढकलून बाहेर काढलं.

परवा आलेल्या बाईंची लेक ती हीच. मी नाही म्हणालो तेव्हा तिनं तळहात पुढे केला आणि म्हणाली, काका, इथं लागला होता तुमचा रंग, लई दिवस निघाला न्हवता. आई म्हणत होती, नाग हातावर उतरला म्हणून पोर वाचली. मी तिच्या हाताकडे बघितलं. रंग आता काही नव्हता. मी आईला एवढंच सांगितलं की नाग गाडीत आहे, भिंतीवर नाही, आणि आता गाडी सुभेदारांचा पुतण्या चालवतो, त्याचा नंबर घेऊन ठेवा.

सुभेदार मला दिसले ते तेवढेच. हातात ओला ब्रश घेऊन मी रस्त्यात उभा होतो. त्यांनी मागचं दार आपटून लावलं, ओला रंग लागला नाही ना म्हणून अंगठ्याकडे बघितलं, तो विजारीला पुसला आणि गाडीत चढले. हॉर्न दाबतच जीप स्टँडच्या गर्दीत शिरली. मागून बघणाऱ्याला ती साधी जुनी जीप होती, तिच्यावर कसलंच चिन्ह नव्हतं.